ई-पुस्तकाची किंमत कशी ठरवावी: छोट्या मराठी प्रकाशकांसाठी आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांसाठी

‘कागद नाही, छपाई नाही, बाइंडिंग नाही, मग ई-पुस्तकाला दीडशे रुपये कशाचे?’ असं वाचक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्याला आकड्यांत देता यायला हवं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी किंमत अंदाजपंचे ठरते. छापील किमतीच्या निम्मी लावली जाते, नाहीतर ‘बाकीचे एकोणपन्नासला देतात, आपणही देऊ’ असं म्हटलं जातं. पुस्तकावर झालेल्या कामाचा हिशोब या दोन्हीत नसतो. मग वाचकाला लुटल्यासारखं वाटतं, मुद्रितशोधकाचे पैसे कुठून द्यायचे हे प्रकाशकाला समजत नाही, आणि वर्षअखेरीला लेखकाच्या हातात पडणारी रक्कम सांगायलाही संकोच वाटतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कागद आणि छपाई गेल्यामुळे जे पैसे वाचतात ते वाचक, लेखक आणि प्रकाशक या तिघांत वाटले गेले पाहिजेत. आणि जे काम वाचत नाही, त्याचे पैसे किमतीत दिसले पाहिजेत. हे कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी हक्क तपासा

किमतीच्या लेखात हे आधी कशाला, असं वाटेल. पण हक्क कोणाकडे आहेत हे कळल्याशिवाय पैसे कोणाला द्यायचे हेच ठरत नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट तरतूद आहे की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा हक्क करारात त्या माध्यमाचा नेमका उल्लेख असल्याशिवाय दिला गेला असं धरता येत नाही. म्हणून १९८५च्या करारपत्राच्या भरवशावर आज ई-पुस्तक काढू नका. लेखकाकडून, लेखक हयात नसेल तर वारसांकडून, ई-पुस्तकासाठी वेगळं पत्र घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश लिहाच. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ई-पुस्तक पहिल्या दिवसापासून न्यू जर्सीतही विकलं जाऊ शकतं, त्यामुळे ‘जगभर’ हा शब्द महत्त्वाचा.

मुखपृष्ठाच्या चित्रकाराला आणि आतल्या छायाचित्रांच्या मालकालाही विचारा. छापील जॅकेटसाठी दिलेलं चित्र ई-आवृत्तीसाठीही दिलं आहे, असं परस्पर गृहीत धरू नका. अनुवाद असेल तर मूळ लेखकाचा आणि अनुवादकाचा असे दोन वाटे किमतीत बसवावे लागतात.

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संपली की लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. अशा पुस्तकाच्या किमतीत मानधनाचा भाग नसतो. नव्याने केलेली अक्षरजुळणी, शुद्धलेखन, टिपा एवढ्याचेच पैसे तिथे मागावेत.

वहीत दोन रकाने करा

पहिल्या रकान्यात एकदाच होणारा खर्च, दुसऱ्यात प्रत्येक प्रतीमागे होणारा. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि ई-पब फाइल (अक्षर लहान-मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) तयार करणं हे पहिल्या रकान्यात जातं. कागद, छपाई, बाइंडिंग, दुकानाचं कमिशन आणि मानधन दुसऱ्यात.

संपादनाची रक्कम बहुतेकांच्या वहीत लिहिलेलीच नसते, कारण ते काम प्रकाशक स्वतः रात्री जागून करतो किंवा लेखकाचा एखादा जाणकार मित्र प्रेमाखातर करतो. तरीही ती लिहा. अडीचशे पानांच्या कादंबरीचं हस्तलिखित दोनदा वाचायचं, तिसऱ्या प्रकरणातली थोरली बहीण अकराव्यात धाकटी कशी झाली ते पकडायचं, बोलीतले संवाद एकसारखे आहेत का ते पाहायचं, लेखकाशी पानापानावर बोलायचं: हे काम महिने घेतं. आज प्रेमाखातर झालं म्हणून पुढच्या पुस्तकाला होईलच असं नाही. ते शून्य रुपयांचं धरून ठरवलेली किंमत दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकापाशी कोलमडते.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, काही लिहू नका. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. छापील आणि ई-आवृत्तीसाठी वेगवेगळा घ्यायचा, एवढंच.

ई-पब म्हणजे पीडीएफ नव्हे

‘फाइल तर तयारच आहे, फक्त चढवायची’ हा समज सगळ्यात महागात पडतो. बरीच जुनी मराठी पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींतल्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्या फाइलमधली अक्षरं डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती मराठी नसतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणावी लागतात. कन्व्हर्टर ते मिनिटभरात करतो खरं, पण त्याने केलेल्या चुका काढायला माणूसच लागतो.

चुका कुठे सापडतात ते सांगतो. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल होते: ‘दऱ्या’ हव्या तिथे ‘दर्या’ येतो आणि सह्याद्रीत समुद्र उसळतो, ‘आचाऱ्यांनी स्वयंपाक केला’ याचं ‘आचार्यांनी’ होतं. शब्दलेखन तपासणारं साधन या चुका पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो. पहिली वेलांटी जागा सोडते. ओळीच्या शेवटी कंपोझिटरने हाताने दिलेलं संयोगचिन्ह तसंच राहतं आणि मोबाइलवर ओळीच्या मध्येच ‘महा-राष्ट्र’ दिसतं. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप करता येतं. दिसायला सारखं, पण वाचकाने ‘ॲडमिट’ शोधलं तर निम्म्याच जागा सापडतात. पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव परिच्छेदाच्या पोटात शिरतं, तळटीप भलतीकडेच जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. छापील पुस्तकाची शेवटची, दुरुस्त्या झालेली फाइल मिळवा. प्रेसकडे गेलेली आणि तुमच्याकडे असलेली वेगळी असू शकते. ती युनिकोडमध्ये आणा. ‘र्य’, ‘र्‍य’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि संयोगचिन्ह यांची प्रत्येक जागा शोधून पाहा. मग छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधकाकडून पूर्ण वाचन करून घ्या आणि त्याचं बिल वेगळं द्या. ई-पबमध्ये भाषेची खूण मराठी अशीच द्या, हिंदी नको. योग्य फॉन्ट असेल तर ‘श’ आणि ‘ल’ आपल्या वळणाचे दिसतात. मुक्ता, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, ते फाइलमध्ये घालायला पैसे पडत नाहीत. शेवटी स्वस्तातल्या मोबाइलवर सगळ्यात मोठं अक्षर करून पाहा. कवितासंग्रह असेल तर ही तपासणी चुकवूच नका. ओळी भलत्या ठिकाणी तुटलेली कविता विकणं हा कवीवर अन्याय आहे.

एवढं केलं की त्याच फाइलमधून दृष्टिहीन वाचकालाही मोबाइल पुस्तक वाचून दाखवू शकतो. पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये ते जमत नाही. नुसती स्कॅन केलेली पीडीएफ ‘ई-पुस्तक’ म्हणून पूर्ण किमतीला विकू नये असं मला ठामपणे वाटतं.

आता छापील पुस्तकाचा हिशोब

पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुमच्या बिलांतले आकडे त्यांच्या जागी घाला. दोनशे पानांची कादंबरी, डेमी आकार. संपादन २०,०००. मुद्रितशोधन ८,०००. अक्षरजुळणी ८,०००. मुखपृष्ठ ८,०००. ई-पब आणि त्याचं मुद्रितशोधन ६,०००. एकदाच होणारा खर्च ५०,००० रुपये.

पाचशे प्रतींची आवृत्ती, प्रतीमागे कागद-छपाई-बाइंडिंग ९० रुपये, म्हणजे ४५,०००. किंमत ३०० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के, म्हणजे १२० रुपये. लेखकाला १० टक्के, म्हणजे ३०. प्रकाशकाकडे येतात १५०, त्यातून छपाईचे ९० गेले की उरतात ६०.

पन्नास प्रती अभिप्रायासाठी, लेखकासाठी, भेटीदाखल जातात. उरलेल्या ४५० विकल्या गेल्या तर हाती येतात ६७,५००. छपाई वजा करता २२,५००. एकदाच झालेल्या ५०,००० पैकी निम्मेही वसूल झालेले नाहीत, आणि यात गोदाम, टेम्पो, परत आलेल्या मळक्या प्रती धरलेल्याच नाहीत. उरलेले २७,५०० दुसऱ्या आवृत्तीतून नाहीतर ई-पुस्तकातून यायचे आहेत. ई-पुस्तक म्हणजे ‘वरची कमाई’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. छापील पुस्तकाला शासनमान्य ग्रंथालयांच्या खरेदीचा तरी थोडा आधार असतो, ई-पुस्तकाला मराठीत तोही नाही.

आणि ई-पुस्तकाचा

किंमत १५० धरू, करासहित. पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तर ई-पुस्तकावर जीएसटी ५ टक्के आहे. हा दर २७ जुलै २०१८ पासून लागू झाला. छापील आवृत्ती नसेल तर सवलतीचा हा दर मिळत नाही, १८ टक्के लागतात. छापील पुस्तकावर मात्र कर शून्य. तेच शब्द, तेच काम, आणि कर वेगळा. हे मला अन्यायाचं वाटतं. पण हिशोब आहे त्या नियमाने करावा लागतो.

१५० मधून कर गेला की उरतात १४२ रुपये ८६ पैसे. दुकानाने ३० टक्के ठेवले तर प्रकाशकाकडे बरोबर १०० रुपये येतात. इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांत निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के लेखकाला देण्याचा प्रघात आहे. तो इथे लावला तर लेखकाला २५ आणि प्रकाशकाला ७५ रुपये. म्हणजे छापील प्रतीपेक्षा लेखकाला पाच रुपये कमी आणि प्रकाशकाला पंधरा रुपये जास्त! छपाई, गोदाम, परतीचा धोका सगळं गेलं आणि त्याचा फायदा एकट्या प्रकाशकाला झाला. हे वाटप रास्त नाही.

आता लेखकाला निव्वळ उत्पन्नाच्या ४० टक्के द्या. लेखकाला ४० मिळतात, छापील प्रतीवर मिळणाऱ्या ३० पेक्षा जास्त. प्रकाशकाला ६० मिळतात, छापील प्रतीइतकेच. वाचकाला पुस्तक निम्म्या किमतीत मिळतं. तिघांपैकी कोणाचंही नुकसान नाही. म्हणून या उदाहरणातल्या पुस्तकाची रास्त किंमत १५० रुपये. योगायोगाने ती छापील किमतीच्या निम्मी आली. तुमच्या पुस्तकाची १२० येईल, २२० येईल. चरित्र, कोश, संशोधनग्रंथ यांत पहिला रकाना मोठा असतो आणि वाचक थोडे, तिथे ई-आवृत्तीची किंमत छापील किमतीच्या सत्तर टक्के आली तरी ती न बिचकता लावा. फक्त विचारणाऱ्याला वही दाखवता आली पाहिजे.

‘स्वस्त ठेवलं की जास्त खपतं’ हेही करून पाहा. राहिलेले २७,५०० वसूल व्हायला १५० रुपयांच्या किमतीत ४५९ प्रती लागतात. तोच ७० टक्के वाटा धरला तरी ४९ रुपयांना सुमारे १,४०० लागतात, म्हणजे तिप्पट. तुमच्या वाचकवर्गात हे शक्य आहे का, याचं उत्तर तुम्हालाच माहीत. लोकप्रिय रहस्यकथेला जमेल. भाषाशास्त्रावरच्या पुस्तकाचे वाचक किंमत उतरवल्याने तिप्पट होत नाहीत.

दुकान कोणतं, यावर निम्मं गणित अवलंबून

अमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून आहेत. तिथे लेखक-प्रकाशकासाठी ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय असतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (केडीपी या अमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेतली, ई-पुस्तक फक्त किंडलवर ठेवायची योजना) घालावं लागतं, आणि मग ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. सिलेक्ट नको असेल तर ३५ टक्के: आपल्या उदाहरणात १०० ऐवजी ५० रुपये. लेखकाला २०, प्रकाशकाला ३०.

म्हणून ‘सगळीकडे ठेवू’ असं घाईने ठरवू नका. तुमचा वाचक बुकगंगावर, गुगल प्ले बुक्सवर किंवा थेट तुमच्याकडून घेणारा असेल तर बांधून घेणं तोट्याचं. एखादी लेखिका किंडलवरच वाचली जात असेल तर सिलेक्टच बरं. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकाराप्रमाणे पाठवणीचा खर्चही कापला जातो, भारतात दर एमबीला ७ रुपये. नुसत्या मजकुराची कादंबरी एका एमबीच्या आत बसते. तीस छायाचित्रं मूळ आकारात घातलेलं प्रवासवर्णन सहा एमबीचं झालं तर ४२ रुपये तिथेच गेले. चित्रं आधी लहान करून घ्या. ७० टक्क्यांसाठी किमतीची खालची आणि वरची मर्यादाही असते, किंमत टाकण्यापूर्वी ती त्यांच्या पानावर पाहा. किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेतल्या वाचनाचे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात, तिथे तुमची किंमत लागूच होत नाही. लेखकाशी करार करताना हे उत्पन्न वेगळं लिहा.

परदेशासाठी किंमत वेगळी ठेवा. अमेरिकेत ७० टक्क्यांसाठी किमान २.९९ डॉलर लागतात आणि तिथे सिलेक्टची अट नाही. तिकडच्या मराठी वाचकाला छापील पुस्तक मागवायचं तर टपालखर्चच पुस्तकाहून जास्त होतो. त्याला चार-पाच डॉलर भारी वाटत नाहीत. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो, पण भारत-अमेरिका करारानुसार मानधनावर तो ३० ऐवजी १५ टक्के लागतो. त्यासाठी खात्यात करविषयक माहिती भरताना पॅन द्यायला विसरू नका.

स्वतः विकलंत तर पेमेंट गेटवेचे थोडे पैसे सोडून जवळपास सगळं तुमच्याकडे राहतं. मग किंमत १२० करा आणि वाचलेले पैसे वाचकाला द्या. फाइलच्या पहिल्या पानावर खरेदीदाराचं नाव घालून पाठवता येते. मला कुलूपबंद, म्हणजे कॉपी करता न येणाऱ्या, फाइलपेक्षा हा मार्ग पसंत आहे, कारण प्रामाणिक वाचकाला त्याचा काही जाच होत नाही.

वाचकाला काय मिळत नाही, तेही मोजा

छापील पुस्तक वाचक मैत्रिणीला देतो, रद्दीत का होईना विकतो, मुलीसाठी कपाटात ठेवतो. दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या वादावरून विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं ते गेलंच. ई-पुस्तक छापील पुस्तकाहून स्वस्त असायला हवं, याचं हे एक ठोस कारण आहे. तुम्ही कुलूप नसलेली ई-पब देत असाल तर तसं विक्रीच्या पानावर लिहा. वाचकाला त्याच पैशात जास्त मिळतं आहे.

छापील प्रत घेणाऱ्याला ई-प्रत तीस-चाळीस रुपयांत द्यायची पद्धत आपल्याकडे रुजायला हवी. त्या वाचकाने संपादनाचे, मुखपृष्ठाचे पैसे एकदा दिलेले आहेत.

सवलत, आणि फुकट फिरणारी पीडीएफ

प्रकाशनपूर्व सवलत, दिवाळीची सवलत जरूर द्या, पण तारीख घालून. वर्षभर ४९ ला ठेवलेल्या पुस्तकाची १५० ही किंमत कोणी खरी मानत नाही.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते म्हणून किंमत उतरवण्यात अर्थ नाही, शून्याशी स्पर्धा कोणत्याच किमतीला जमत नाही. दुवा सापडला की त्या सेवेला लेखी कळवा. तक्रार मिळाल्यावर मजकूर २१ दिवस रोखून धरण्याची तरतूद कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात आहे. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर दुवा पुन्हा सुरू होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. गटात पीडीएफ टाकणारे अनेकदा पुस्तकावर प्रेम करणारेच असतात. त्यांना शांतपणे लेखकाचे ४० रुपये आणि मुद्रितशोधकाचं बिल सांगा. काहीजण तरी ऐकतात.

करारात हे लिहून ठेवा

लेखकाचा वाटा निव्वळ उत्पन्नाच्या टक्क्यांत लिहा आणि ‘निव्वळ’ म्हणजे कर, दुकानाचा वाटा आणि पाठवणीखर्च वजा जाता प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, अशी व्याख्या तिथेच द्या. वर्षातून दोनदा विक्रीचा तपशील लेखकाला पाठवा: दुकानाचं नाव, प्रती, मिळालेले पैसे. अमेझॉन महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे देतं, म्हणून मार्चपर्यंतचा हिशोब जूनमध्ये पाठवायचं ठरवा.

आणखी एक कलम घाला. पहिल्या रकान्यातली रक्कम वसूल झाल्यावर लेखकाचा वाटा ४० वरून ५० टक्के होईल, किंवा किंमत उतरेल, किंवा दोन्ही. कोणतं ते दोघांनी मिळून ठरवायचं. आपल्या उदाहरणात ४५९वी प्रत विकली गेली की हे कलम लागू होईल, म्हणून विक्रीच्या तपशिलात एकूण प्रतींचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.